काळ्या मोज्यांची स्टुलं

सुतारमामांचं दुकान बंदराच्या मागच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे आणि पुढे उघडं अंगण. आत शिरलं की भुसा आधी पायाला लागायचा, मग नाकाला. भिंतीवर पटाशा मापाप्रमाणे टांगलेल्या असायच्या. रंधा मात्र कायम मामांच्या हाताशी. बोलतानासुद्धा ते रंध्यावर हात ठेवून बोलायचे, पाळलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

तसे ते सख्खे मामा कोणाचेच नव्हते. त्यांना बहीणच नव्हती. पण सगळा रस्ता त्यांना मामा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला मामी. न्हावी तर म्हणायचा की या रस्त्यावर जन्माला आलं की दोन गोष्टी फुकट मिळतात, खारा वारा आणि मामा.

मामांचं काम चोख होतं. वेळेचं मात्र बोलायला नको. ते 'उद्या' म्हणाले की गिऱ्हाईक समजून जायचं, या आठवड्यात काही खरं नाही. तरी लोक दुसरीकडे जात नसत. एकतर मामांनी बसवलेलं दार कधी कुरकुरायचं नाही. आणि दुसरं म्हणजे ते स्टूल.

काम पोचवायला मामा स्वतः जायचे. कपाट जागेवर बसलं, दार नीट लागतंय ना हे दोनदा बघून झालं, की हातगाडीवरून एक बुटकं स्टूल काढायचे आणि खोलीच्या मधोमध ठेवायचे. 'हे वरचं,' म्हणायचे. त्याचे पैसे नाहीत. घरातलं माणूस 'अहो कशाला, कशाला' म्हणेपर्यंत मामा चपला घालून बाहेर पडलेले असायचे. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्या उस्तादांची ही पद्धत. मापात दिलेलं काम म्हणजे नुसता व्यवहार, थोडं वर दिलं की त्या घरात आपलं नाव राहतं, असं उस्ताद सांगायचे. मामांनी ते तरुणपणी ऐकलं आणि गुडघे दुखायला लागले तरी सोडलं नाही.

त्यामुळे त्या भागात असं घर शोधून सापडलं नसतं जिथे मामांचं स्टूल नाही. कोणी त्यावर बसून भाजी चिरायचं. कोणी त्यावर उभं राहून माळ्यावरची बॅग काढायचं. पोरं त्यावर चढून दात घासायची. स्टूल ओळखायला सोपं होतं. मामा त्याचे चारही पाय खालून बोटभर डांबरात बुडवायचे. वाळवी जमिनीतून येते आणि डांबराला तोंड लावत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे प्रत्येक स्टुलाने काळे मोजे घातल्यासारखं दिसायचं. न्हावी विचारायचा, मामा, मोजे दिलेत, बूट कधी देताय?

स्टुलांचं लाकूड बंदरातून यायचं. परदेशातून यंत्रं येत, ती लाकडी खोक्यांत. यंत्र कारखान्यात जायचं आणि खोकं गोदामामागे पडून राहायचं. गोदामवाले म्हणायचे, घेऊन जा बाबा, जागा अडते. मामा हातगाडी घेऊन जायचे. फळ्या हलक्या, सरळ रेषांच्या, रंध्याखाली लोण्यासारख्या. फक्त काही फळ्यांवर एक छाप असायचा. कणसासारखं चित्र आणि बाजूला दोन-चार अक्षरं. डागून मारलेला, काळा, खोल. रंधा मारून तो सहज जायचा नाही, आणि जाईपर्यंत फळीच अर्धी व्हायची. प्रेमाने दिलेल्या वस्तूवर असा डाग म्हणजे भेटीवर दुकानाची चिठ्ठी राहून गेल्यासारखं. मामांना ते खपत नसे. ते डोळ्यांत तेल घालून फळ्या निवडायचे. छापाच्या फळ्या जायच्या लाकूड चिकटवायचा सरस तापवणाऱ्या शेगडीत. बिनछापाच्या, स्वच्छ, त्या स्टुलांना.

वर्षानुवर्षं त्यांनी हे केलं. मन लावून केलं.

पहिली कुरकूर समोरच्या शिंपीणबाईंनी केली. त्यांच्या मशीनजवळ मामांचं स्टूल होतं, त्यावर कापडाचे तुकडे ठेवलेले. स्टुलाखाली रोज एक बारीक ढीग दिसायचा. तपकिरी, रव्यासारखा. झाडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या तो कागदावर घेऊन दुकानात आल्या. मामांनी चिमूट बोटांत चोळून पाहिली. कोरडी, कडक. त्यांनी विचारलं, भिंतीवर मातीची नळी दिसली का? नाही. पायांशी ओल? नाही. मग वाळवी नाही, मामा म्हणाले. वाळवी मातीशिवाय जगत नाही. लाकूड सुकतंय, त्याचा भुगा पडतोय. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.

शिंपीणबाई परत गेल्या. सुताराने सांगितल्यावर आपण कोण बोलणार, असं त्यांना वाटलं असणार.

पुढे बाकीचेही विचारू लागले. मामा सगळ्यांना तेच सांगायचे, आणि दर वेळी आवाज थोडा अधिक ठाम व्हायचा. हळूहळू त्याची थट्टा झाली. मामांनी स्टूल नाही, गिरणी दिलीय, असं न्हावी गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता सांगायचा. मामाही हसायचे. उकाड्याच्या एका संध्याकाळी न्हाव्याच्या दिव्याभोवती पंखवाले किडे जमले आणि त्यांचे पंख गळून साबणाच्या फेसावर पडले, तेव्हाही सगळे हसलेच. शिंपीणबाई मात्र आणखी दोनदा विचारायला आल्या. दुसऱ्यांदा मामा जरा चिडले. लाकूड मी ओळखतो की तुम्ही, असं म्हणून बसले.

त्यानंतर शिंपीणबाई आल्या नाहीत. एके दिवशी खिडकी लावताना त्यांचा अंगठा चौकटीत शिरला. रंग तसाच, वरून चौकट ठणठणीत, आणि आत काहीच नाही. त्यांनी मामांना हाक मारली नाही. त्यांनी कीड तपासणीच्या ऑफिसात फोन केला. हे मामांना नंतर कळलं, आणि खिडकीपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं.

ऑफिसातून एक तरुण बाई आली. तिच्याकडे एक टॉर्च, एक भिंग आणि एक साधा स्क्रूड्रायव्हर होता. शिंपीणबाईंकडचं पाहून झाल्यावर ती थेट मामांच्या दुकानात आली, हातात ते स्टूल घेऊन. तिने विचारलं की हे उघडून बघता येईल का. मामा म्हणाले, माझ्या हातचं आहे, सहज नाही उघडायचं. तिने वाद घातला नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक बैठकीवर टेकवून अंगठ्याने नुसतं दाबलं. ते भिजलेल्या साबणात जावं तसं आत गेलं.

मग मामांनीच पटाशी घेतली आणि फळी उभी फोडली.

आत दालनं होती. लाकडाच्या रेषेरेषेने गेलेली, एकाला एक लागून, भिंती गुळगुळीत. त्यांत तोच तपकिरी रवा भरलेला, आणि त्यातून पांढरट किडे सावकाश सरकत होते, त्यांना कसलीच घाई नसल्यासारखे. मामांच्या मनात पहिल्यांदा आलं ते कौतुक. इतका साफ हात. आयुष्यभर रंधा मारून इतकी गुळगुळीत पोकळी आपल्याला जमली नसती. असं वाटलं आणि लगेच त्यांचे कान तापले.

बाईने समजावून सांगितलं. ही आपल्याकडची वाळवी नाही. दूरच्या देशांतून आलेली आहे आणि आता अशा गरम हवेच्या भागांत पसरत चाललीय. हिला माती लागत नाही, ओल लागत नाही. एक कोरडी फळी हेच तिचं घर, तेच तिचं जेवण आणि तेच वाहन. फळी जिथे जाईल तिथे ती जाते. वर्षानुवर्षं आत गुपचूप खाते, वरची साल कागदाएवढी पातळ ठेवते. जो रवा पडतो ती तिची विष्ठा. पंख फुटले की उडून शेजारच्या लाकडात शिरते. तिने भिंगाखाली तो रवा दाखवला. प्रत्येक कण कातल्यासारखा, कडा असलेला.

मामांनी आपल्या डांबराकडे पाहिलं. डबा शेगडीजवळ होता. बाईचंही लक्ष तिकडे गेलं. पायातून येणाऱ्याला अडवायला ते ठीक आहे, ती म्हणाली. ही आतच होती.

मग तिने विचारलं की लाकूड कुठलं. मामांनी गोदामाचं सांगितलं. आणि स्वतःची बाजू राखावी म्हणून हेही सांगितलं की मी वाटेल ते लाकूड घेत नाही. छाप असलेली एकही फळी आजवर स्टुलाला लावली नाही. निवडून, पारखून घेतो.

बाईने भिंग खिशात ठेवलं.

"मामा," ती म्हणाली, "तो छाप म्हणजे लाकूड भट्टीत तापवून कीड मारल्याची खूण असते."

"आणि छाप नसेल तर?"

"तर ते तसंच आलेलं."

मामा शेगडीजवळ जाऊन उभे राहिले. शेगडीत एक फळी अर्धी जळून पडली होती. कणसाचा छाप अजून वाचता येत होता. "म्हणजे चांगलं ते मी जाळलं," ते म्हणाले. बाईने मोबाइल काढला.

स्टुलं कुठे कुठे दिलीत, असं तिने विचारलं. मामा बाकावर बसले आणि सांगू लागले. सगळं काम स्वतः पोचवलेलं. त्यामुळे घरं, जिने, दारं, सगळं डोळ्यांपुढे होतं. शिंपीणबाई. न्हावी. दवाखाना. शाळेतली शिपाईखोली. छापखान्यावरचं म्हातारं जोडपं. ते सांगत गेले, ती मोबाइलमध्ये टिपत गेली. सांगता सांगता बोलणं चष्मेवाल्यांच्या गल्लीपाशी आलं आणि तिथून वळून पुढच्या गल्लीत गेलं.

आणखी कुठे, बाईने विचारलं.

नाही, मामा म्हणाले. एवढीच.

चष्मेवाल्यांच्या गल्लीत मामांची लेक राहत होती.

खाली जावयाचं चष्म्याचं दुकान, वर घर. दोन्हींच्या मध्ये लाकडी जिना. तो जिना विहीणबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेला होता. ते सुतार नव्हते. भिंगं घासणारा माणूस. दुकान बंद झाल्यावर रोज थोडं थोडं करत त्यांनी तो पुरा केला, आणि काही दिवसांत ते गेले. मामांनी तो जिना पहिल्यांदा पाहिला तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की दोन पायऱ्यांची उंची सारखी नाही. पण विहीणबाई ज्या तऱ्हेने कठड्यावर हात ठेवून उतरायच्या, ते पाहिल्यावर मामांनी तोंड मिटून घेतलं. त्या कठड्याला धरत नसत. हात नुसता ठेवत.

विहीणबाई जिभेच्या तिखट होत्या. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी सुनावलं होतं की सुताराघरची मुलगी करतोय, घरात भुसा तरी आणू नये म्हणजे झालं. लेकीच्या स्वयंपाकाला, झोपेला, बोलण्याला, सगळ्याला त्यांचं काही ना काही असायचं. फक्त एका गोष्टीला नसायचं. लग्नानंतर मामांनी स्वतः नेऊन ठेवलेलं स्टूल जिन्याच्या पायथ्याशी होतं. विहीणबाई त्यावर बसून चपला घालायच्या. आल्यागेल्याला सांगायच्या, हिच्या बापाचं स्टूल बघा, इतकी वर्षं झाली पण हलत नाही. त्या एका वाक्यावर लेकीने त्या घरात बरंच निभावून नेलं होतं. माहेरी आली की ती ते हसत हसत सांगायची. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मनात फुगायचे.

आता ऑफिसची माणसं तिथे जाणार, विहीणबाईंसमोर ते स्टूल उलटं करणार, आणि सांगणार की हे हिच्या बापाने दिलं. मामांच्या जिभेने ते घर टाळलं ते यामुळे. निदान त्यांनी स्वतःला असं समजावलं.

ऑफिसचं ठरलं की सगळी स्टुलं मामांच्या अंगणात आणून जाळायची. मामांनी मनाची तयारी केली होती. लोक भांडतील, चार शब्द ऐकवतील, आणि ऐकून घेतले की थोडं हलकं वाटेल. पण लोक भांडले नाहीत. एकेक जण स्टूल घेऊन यायचा, हळूच ठेवायचा आणि म्हणायचा, मामा, तुम्हाला काय माहीत होतं. दवाखान्यातल्या नर्सने तर विचारलं की दुसरं करून द्याल ना. तो चांगुलपणा मामांना सोसवेना. न्हाव्याने येताना विनोद आणला होता. मोजे काढून जाळायची की मोज्यांसकट, असं त्याने विचारलं. कोणी हसलं नाही. त्यालाही मग वाईट वाटलं आणि तो उगाच फळ्या रचायला लागला.

शिंपीणबाईंचं स्टूल आधीच फुटलेलं होतं. त्या रिकाम्या हातांनी आल्या. खिडकी गेली होती, दाराची चौकट गेली होती, मशीनचं लाकडी टेबल चाचपून बघायचं बाकी होतं.

"मी तीनदा विचारलं होतं, मामा," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उत्तर ऐकायला त्या थांबल्याही नाहीत.

भर दुपारी अंगणात जाळ झाला. तपासणीवाली बाई शेवटपर्यंत उभी होती. मामा एकेक स्टूल उचलून टाकत होते. टाकताना प्रत्येक स्टूल कोणाच्या घरचं ते ओळखू येत होतं. डांबर आधी पेटायचं.

तपासणीवाली गेल्यावर मामी दारातून म्हणाल्या, "अहो, एक कमी आहे."

मामा म्हणाले, बघतो.

"तुम्ही बघतो म्हणालात म्हणजे झालंच ते," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

पण या वेळी मामांनी उशीर केला नाही. वखारीतून चांगलं जुनं लाकूड आणलं आणि त्याच मापाचं स्टूल केलं. पायांना डांबर लावलं. डांबराचा आता काही उपयोग नाही हे माहीत असूनही लावलं, कारण ते जुन्यासारखं दिसायला हवं होतं. मग मोठ्या पिशवीत घालून, चष्म्याची काडी ढिली झाल्याचं निमित्त करून ते लेकीकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या घरी नवं स्टूल लपवून नेलं.

दुकानात गर्दी होती. जावयाने त्यांना हात केला आणि गिऱ्हाइकाला पुन्हा पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मामा मागच्या दाराने जिन्यापाशी गेले. कोणी नव्हतं. पिशवीतलं बाहेर, बाहेरचं पिशवीत. जुनं स्टूल हातात घेताना ते केवढं हलकं झालंय हे कळलं. पण झालं होतं. सुटलो, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात त्यांची नजर जिन्याखाली गेली.

झाडून लख्ख केलेल्या फरशीवर, तिसऱ्या की चौथ्या पायरीच्या बरोबर खाली, ताजा रवा पडला होता.

मामांनी बोटाच्या पेराने पायरी वाजवली. पुन्हा वाजवली. मग हात खिशात घातला.

वरून विहीणबाईंचा आवाज आला. कोण आहे? त्या उतरत आल्या, कठड्यावर हात ठेवून. मामांना बघून त्यांना खरंच आनंद झाला. बरं झालं आलात व्याही, मला तुमच्याशी बोलायचंच होतं, असं म्हणून त्यांनी मामांना वरच्या खोलीत नेलं आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं.

चहा आला तेव्हा विहीणबाईंनी विषय काढला. त्यांना आता भांडायचं नव्हतं. पण मुलीच्या बापाने एकदा समजावलं तर बरं. घर बघा कसं लख्ख आहे, पण जिन्याखालचा केर हिला दिसत नाही. सकाळी सांगते, संध्याकाळी सांगते. शेवटी समोर उभी राहून काढून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कचरा. विचारलं तर म्हणते, मी काढला होता. आता मी काय आंधळी आहे? चष्म्याच्या दुकानावर राहते मी.

"हे किती दिवस चाललंय?" मामांनी विचारलं.

"दिवस कसले, वर्ष होत आलं," विहीणबाई म्हणाल्या. "केर काढता येत नाही हे चालेल हो. खोटं बोलते, ते मला चालत नाही."

लेक दाराशी उभी होती. हातात रिकामा ट्रे. ती सासूकडे बघत नव्हती. मामांकडे बघत होती. जिन्याखाली काय आहे ते एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. पायाशी पिशवी होती.

मामांनी चहा संपवला. हो, सांगतो तिला, असं काहीतरी म्हणाले. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर ती चपला शोधायला वाकली, त्यांच्याच.

घरी आल्याबरोबर त्यांनी ते स्टूल जाळून टाकलं. मामी अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"सांगितलंत?"

"स्टूल आणलं ना."

"मी स्टुलाचं नाही विचारलं."

मग मामांनी सगळं सांगितलं. जिन्याखालचा रवा, विहीणबाईंचं बोलणं, वर्षभर लेकीने ऐकून घेतलेलं. मामी ऐकत होत्या. आणि तुम्ही काय केलंत, असं त्यांनी शेवटी विचारलं. मामा म्हणाले, चहा घेतला. मामी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं काहीच न बोलणं दुसऱ्या दिवशीही चालू राहिलं. रागावल्या असत्या तर मामांना काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी मामा पुन्हा चष्मेवाल्यांच्या गल्लीत गेले. या वेळी हात रिकामे होते. जावयाला म्हणाले, जरा दुकान लोटून घ्या आणि आत या. जावई घाबरला, त्याला वाटलं मामींना काही झालं. विहीणबाई उतरून आल्या आणि नव्या स्टुलावर बसल्या. लेक वरच्या पायरीवर थांबली.

मामांना बोलायची सवय होती ती लाकडाबद्दल, आणि ठाम. आता शब्द जुळेनात. त्यांनी खोक्यांपासून सुरुवात केली. छापाचं सांगितलं, शिंपीणबाईंचं सांगितलं, अंगणातल्या जाळाचं सांगितलं. विहीणबाईंना हे सगळं आपल्याला का सांगतात ते कळेना. मग मामा म्हणाले, "जिन्याखाली पडतो तो केर नाही. ती वाळवी आहे. माझ्या स्टुलातून आली. पोरगी रोज झाडते, वाळवी रोज पाडते. माझी मुलगी खोटं बोलत नव्हती."

विहीणबाई स्टुलावरून उठल्या. त्यांनी खाली पाहिलं.

"या स्टुलातून?"

"हे नाही. हे मी परवा बदललं."

"म्हणजे परवा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी हिला नावं ठेवत होते तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

जावई जिन्याखाली वाकून टॉर्च मारत होता. त्याने पायरीवर नुसतं नख लावलं आणि रंगाचा पापुद्रा निघून आला. विहीणबाईंनी ते पाहिलं. मामांना वाटलं आता त्या बोलतील, जे काही वर्षानुवर्षं बोलायचं राहिलं असेल ते सगळं. त्यांनी ऐकायची तयारी ठेवली होती. पण विहीणबाईंनी कठडा पकडला. पहिल्यांदाच मुठीत पकडला, आणि लगेच सोडला, गरम लागल्यासारखा. जिना किती जाणार, एवढंच त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, अर्धा तरी. मी काढतो, मीच नवा करतो. त्यावर त्या म्हणाल्या, तुम्ही नका करू. दुसऱ्या कोणाला तरी सांगू. मग त्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या, पाटीवरच्या अक्षरांकडे तोंड करून.

मामा बाहेर पडले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले असतील, मागून लेकीची हाक आली. बाबा. ती धावत आली होती. मामा थांबले. खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, ही आता आपला हात धरेल. बाप चुकला पण शेवटी बोलला, याचं काहीतरी मोल तिला वाटत असेल.

"नवं स्टूल आहे हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "ताज्या डांबराचा वास येत होता. मला वाटलं, चहा झाला की सांगाल. मग वाटलं, उठताना सांगाल. मग वाटलं, चपला घालताना तरी."

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"ऑफिसातली बाई काल पुढच्या गल्लीतल्या घरांत येऊन गेली. आमच्याकडे आली नाही. तुम्ही तिला आमचं घर सांगितलंच नाही ना?"

"नाही."

"का?"

"तुझी मान खाली जाईल म्हणून."

लेकीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"माझी?" ती म्हणाली.

रस्त्यावरून एक हातगाडी गेली, दोघांना बाजूला व्हावं लागलं. उद्या बाईंना फोन करतो, असं मामा म्हणाले आणि लगेच सुधारून म्हणाले, आत्ता करतो. त्यांनी तिथेच, भिंतीला टेकून, फोन केला. घराचा पत्ता सांगितला. माझ्या मुलीचं घर, असं म्हणाले. आधी का नाही सांगितलंत, असं पलीकडून विचारलं असावं, कारण मामा म्हणाले, लाज वाटली. लेक तोवर थांबली होती. फोन झाल्यावर ती वळली.

मामा तिच्या मागे मागच्या दारापर्यंत गेले. आत जायचं नव्हतं, पण पाय गेले. ती जिना चढायला लागली.

"भिंतीच्या कडेने चढ," ते म्हणाले. "मधे पाय देऊ नकोस."

ती भिंतीच्याच कडेने चढत होती, पाऊल आडवं टाकत, वर न बघता, सवयीने. ती असं कधीपासून चढते, हे विचारायचं मामांना धाडस झालं नाही.